सेनेगलमधील बाजरीच्या शेतांत रोपे लावावीत, की खुंटांतून उठणारी झाडे राखावीत?

प्रश्न विचारणारे : कोरडवाहू

सर्वांना नमस्कार. मी सांगोला तालुक्यातला, कृषी पदवीधर. गेली नऊ वर्षे सोलापूर आणि सांगली जिल्ह्यांच्या दुष्काळी पट्ट्यात पाणलोट विकासाच्या कामांवर आहे. येत्या मे महिन्यापासून दोन वर्षांसाठी सेनेगलमध्ये, काओलाकच्या पूर्वेला काफ्रिनच्या बाजूला, ज्याला भुईमुगाचे खोरे म्हणून ओळखतात त्या भागात काम करायला जात आहे. शेतात झाडे वाढवून बदलत्या हवामानात तग धरण्यास शेतकरी कुटुंबांना मदत करणे, हा त्या प्रकल्पाचा हेतू आहे.

प्रकल्पाचा आराखडा माझ्याकडे आला आहे. त्यात रोपवाटिका, रोपांचे वाटप आणि लागवडीचे लक्ष्य यांवरच बहुतेक पाने खर्ची पडली आहेत. ती वाचताना मला माझ्याच एका गावातला माळ आठवला. तिथे आम्ही जुलैत मोठ्या उत्साहाने रोपे लावली, पहिल्या उन्हाळ्यात टँकरने पाणी घातले आणि दुसऱ्या उन्हाळ्यात निधी संपला. तिसऱ्या वर्षी त्या माळावर खड्ड्यांच्या रांगा तेवढ्या राहिल्या होत्या, आणि त्यांतून शेळ्या चरत होत्या. त्या कामात मीही होतो, म्हणून ती चूक परक्या देशात जाऊन पुन्हा करण्याची माझी इच्छा नाही.

पावसाच्या एकूण आकड्यावरून तो भाग मला अनोळखी वाटत नाही. पण तिथे जून-जुलैत सुरू झालेला पाऊस ऑक्टोबरात संपला की पुढचे आठ महिने आभाळ कोरडे असते, आपल्यासारखा रब्बीचा आधार नसतो. नायजरमध्ये रोपे न लावता झाडे परत आली असे मी त्रोटक वाचले आहे. ते नेमके कसे झाले, बाजरीच्या पिकात झाड ठेवले तर ते पिकाचे पाणी पळवत नाही का, आणि मुळात शेतकऱ्याने ते झाड का राखावे, हे ज्यांनी तो प्रदेश जवळून पाहिला आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

---

उत्तर : माळावरचा

आपल्याला खटकले ते योग्यच खटकले. नायजरची राजधानी नियामेजवळ सादोरे येथे हैदराबादच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेचे केंद्र आहे. त्या निमित्ताने मी नायजरमध्ये काही वर्षे काढली आणि मारादी व झिंदेर या दक्षिणेकडच्या दोन्ही भागांत बरेच फिरलो. आपल्याकडची बाजरी मुळात त्याच, सहाराच्या दक्षिणेला लागून असलेल्या, साहेल पट्ट्यातली. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी ती तिथून भारतात आली. त्यामुळे तिथल्या शेतात उभे राहिल्यावर पिकाची ओळख पटायला वेळ लागत नाही. अनोळखी असते ती जमीन, पायाखाली निव्वळ वाळू.

१९६८ ते १९७३ या वर्षांत आणि पुन्हा १९८४ साली तिथे जे दुष्काळ पडले, त्यांनी माणसे, गुरे आणि झाडे या तिघांनाही उद्ध्वस्त केले. त्याआधीच शेते ‘स्वच्छ’ करण्याच्या नादात बरीच झाडे तोडली गेली होती. झाडे गेल्यावर पेरणीच्या हंगामातला वारा मोकाट सुटला. उगवून आलेल्या बाजरीच्या कोवळ्या पानांवर वाळूचा मारा होई, रोपे गाडली जात, आणि एकाच हंगामात तीन-तीन, चार-चार वेळा पेरणी करावी लागे. दुबार पेरणीने शेतकऱ्याचे काय होते हे आपल्याला सांगायला नको.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टोनी रिनाउडो नावाचे एक तरुण ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ मारादी भागात एका ख्रिस्ती संस्थेच्या वृक्षलागवडीचे काम पाहत होते. त्यांनी लावलेली बहुतेक रोपे मरत होती, आणि शेतकऱ्यांना त्या कामात रस नव्हता. १९८३ च्या सुमारास, रस्त्यात गाडी थांबवली असताना, शेतात जागोजाग दिसणारी खुरटी झुडपे त्यांनी जवळ जाऊन पाहिली. ती झुडपे नव्हतीच. तोडलेल्या झाडांच्या जिवंत खुंटांमधून दरवर्षी फुटणारे ते धुमारे होते. शेतकरी पेरणीआधी ते कापून जाळत असत आणि पुढल्या वर्षी ते पुन्हा फुटत. अख्खे जंगल जमिनीखाली मुळांच्या रूपाने शाबूत होते, त्याला वर येऊ दिले जात नव्हते इतकेच.

कृती ऐकायला फार साधी आहे, पण ती एकदा नीट डोळ्यांसमोर आणा. कोरड्या दिवसांत शेतकरी हातात कोयता घेऊन शेतात फिरतो. एका खुंटाला वीस-पंचवीस धुमारे आलेले असतात. त्यांतले सरळ आणि जोमदार असे तीन ते पाच तो ठेवतो आणि बाकीचे काढतो. ठेवलेल्या धुमाऱ्यांच्या खालच्या अर्ध्या भागातल्या फांद्या छाटतो, म्हणजे जोर वरच्या बाजूला जातो आणि पेरणीला वाटही मोकळी राहते. छाटलेला पाला तो जमिनीवरच पसरून ठेवतो. वाऱ्याबरोबर धावणारी वाळू त्या पाल्याशी अडते, वाळवी तो पाला मातीत नेते, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या जागची बाजरी शेजारच्या बाजरीपेक्षा हिरवी दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ठेवलेल्यांपैकी एक खोड सरपणासाठी तोडायचे आणि त्याच्या जागी नवा धुमारा वाढू द्यायचा. रोपवाटिका नको, पाणी नको, कुंपणही नको, कारण मूळ आधीच खोलवर गेलेले असते.

हे लगेच पसरले असे मात्र नाही. १९८४ च्या दुष्काळात कामाच्या मोबदल्यात धान्य देताना हेक्टरी चाळीसच्या आसपास झाडे राखण्याची अट घातली गेली, आणि धान्यवाटप थांबल्यावर बऱ्याच लोकांनी ती झाडे पुन्हा तोडली. पण ज्यांनी ठेवली त्यांची शेते शेजाऱ्यांनी पाहिली. पुढे वीस वर्षांत, कुठल्याही मोठ्या सरकारी मोहिमेशिवाय, ही रीत गावोगाव गेली. ख्रिस राइज आणि ग्रे टॅपन या संशोधकांनी जुनी हवाई छायाचित्रे आणि नवी उपग्रहचित्रे शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा दक्षिण नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडे परत आल्याचे दिसून आले. झाडांची संख्या त्यांनी अंदाजे २० कोटी धरली.

तेव्हा तिथे पोहोचल्यावर रोपवाटिकेची जागा शोधण्याआधी शेतांतले जिवंत खुंट मोजा. काफ्रिनच्या बाजूला एक अडचण आपल्याला भेटेल, ती आत्ताच सांगून ठेवतो. भुईमुगाच्या खोऱ्यात घोड्याने ओढायचे पेरणीयंत्र सर्रास वापरतात. आपल्या पाभरीला जसा मध्येच आलेला खुंट नको असतो तसाच त्या यंत्रालाही नको असतो, म्हणून पिढ्यानपिढ्या शेतातले खुंट काढून टाकण्याकडे कल राहिला आहे. तिथे शेतकऱ्याबरोबर बसून पेरणीच्या ओळी कुठून जातात ते पाहावे लागेल, आणि ओळीच्या आड न येणारेच खुंट राखावे लागतील.

---

उत्तर : गोरखचिंच

माळावरचा यांनी झाड कसे राखावे ते सांगितले आहे. मी आपल्या तिसऱ्या प्रश्नाविषयी लिहिते, कारण माझ्या अनुभवात सगळे तिथेच अडते.

माझे काम उत्तर घाना आणि बुर्किना फासोमध्ये शिया, म्हणजे ज्याच्या बियांतून लोण्यासारखे तेल निघते ते फळ, गोळा करणाऱ्या बायकांच्या गटांबरोबर होते. शियाची झाडे कोणी लावलेली नसतात. शेत साफ करताना ती मुद्दाम राखलेली असतात, आणि फळाला यायला त्यांना पंधरा-वीस वर्षे लागतात. झाड पुरुषाच्या शेतात असते, पण जमिनीवर पडलेले फळ वेचण्याचा हक्क बहुतेक ठिकाणी बायकांचा असतो. ही फळे पिकतात ती ऐन पेरणीच्या तोंडाशी, कणगी रिकामी होत आलेली असते तेव्हा. त्या दोन महिन्यांत बियांचे जे पैसे येतात त्यांवर घरातले धान्य, मुलांचे औषध आणि कधी कधी नवऱ्याचे बियाणेसुद्धा निघते. आपल्या प्रकल्पाच्या बैठकीत फक्त शेतमालक बसले, तर झाड कोणाच्या पोटाला आधार देते हे आपल्याला कळणारच नाही.

नायजरच्या झिंदेर भागात बायकांना रोज सरपणासाठी अडीच तास चालावे लागे, ते झाडे परतल्यावर अर्ध्या तासावर आले, अशी नोंद आहे. त्याच भागात काही बायकांच्या मालकीची गोरखचिंचेची झाडे आहेत. हौसा भाषेत त्यांच्या पाल्याला ‘कुका’ म्हणतात, तो वाळवून भुकटी करतात आणि रोजच्या कालवणात घालतात. पीक बुडालेल्या वर्षीही झाडाला पाला येतो आणि बाजारात विकला जातो. हवामानाशी जुळवून घेणे म्हणजे तिथल्या घरात प्रत्यक्षात हे असते. (हे झाड आपल्या कोकणात आणि गोव्यात शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आले, म्हणून मी इथे हे नाव घेतले.)

आता मालकीविषयी. फ्रेंच राजवटीत १९३५ च्या हुकुमाने पश्चिम आफ्रिकेतील वने आणि अनेक जातींची झाडे सरकारच्या ताब्यात गेली. स्वतःच्या शेतातल्या झाडाची फांदी तोडायलाही परवाना लागे, आणि परवाना नसला की वनरक्षक दंड करी. स्वातंत्र्यानंतरही हे कायदे बराच काळ तसेच राहिले. अशा स्थितीत शेतकरी काय करील? धुमारा लहान असतानाच उपटून टाकील, म्हणजे पुढे कटकट नको. आपल्याकडे मालकीच्या रानातला साग किंवा खैर तोडायलाही १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते, त्यामुळे ही मनःस्थिती आपल्याला परकी वाटू नये. नायजरमध्ये १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर वनखात्याची पकड सैल झाली, पुढे १९९३ च्या ग्रामीण संहितेने जमिनीवरच्या हक्कांना लेखी आधार दिला, आणि ‘माझ्या शेतातले झाड माझे’ ही समजूत गावांत रुजली. खुंट तर आधीही तिथेच होते आणि कोयतेही होते. झाडे वाढली ती ही समजूत रुजल्यानंतर.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे आराखडे लिहिणारे दुर्लक्ष करतात. सुगीनंतर शेते गुरांना मोकळी होतात आणि फुलानी पशुपालक उत्तरेकडून आपले कळप घेऊन येतात. आपल्याकडे धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवतात आणि त्याबदल्यात धान्य किंवा पैसे देतात, अगदी तसाच व्यवहार तिथे शेतकरी आणि पशुपालक यांच्यात चालत आला आहे. झाडे वाढवायची म्हणून एखाद्या गावाने परस्पर चराईबंदी केली तर पशुपालकांची वाट बंद होते, आणि मग भांडण झाडावरून नव्हे तर जगण्यावरून होते. राखणीचे नियम ठरवणाऱ्या बैठकीला त्या कळपांची माणसे असलीच पाहिजेत. ती गावात असतात ते महिने बघून बैठक ठेवा.

---

उत्तर : सोटमूळ

मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे, म्हणून पाण्याच्या प्रश्नावर लिहितो. झाड पिकाचे पाणी पळवते का, याचे उत्तर झाडाच्या जातीवर आणि त्याच्या मुळांवर अवलंबून आहे.

आपण जात आहात त्या भागात, विशेषतः सेरेर लोकांच्या शेतांत, आपल्याला एक मोठे काटेरी झाड दिसेल. वोलोफ भाषेत त्याला ‘काद’ म्हणतात, हौसात ‘गाओ’, आणि शास्त्रीय नाव फेडर्बिया अल्बिडा. आपल्या बाभळीचा हा नातलग, पण ऋतुचक्र नेमके उलटे. पावसाळा सुरू झाला की ते पाने गाळते आणि कोरडा हंगाम आला की हिरवे होते. म्हणजे बाजरीला ऊन हवे असते तेव्हा त्याची सावली नसते, आणि सगळे रान करपलेले असते तेव्हा गुरांना त्याखाली सावली आणि वर पाला मिळतो. कोरड्या हंगामाच्या अखेरीस त्याच्या पिवळसर नारिंगी, वळलेल्या शेंगा पडतात आणि शेळ्या त्या आवडीने खातात. त्याचे सोटमूळ भूजलाचा शोध घेत फार खोल जाते, त्यामुळे वरच्या थरातल्या ओलाव्यासाठी त्याची बाजरीशी स्पर्धा कमी होते. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, गळलेली पाने कुजतात, सावलीला बसलेली गुरे शेण टाकतात. खत न दिलेल्या हलक्या वाळूत या झाडाखालची बाजरी उघड्यावरच्या बाजरीपेक्षा स्पष्टपणे सरस येते, आणि हे अनेक दशकांच्या मोजमापांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. झिंदेरच्या सुलतानाने १९ व्या शतकात हे झाड तोडणाऱ्याला जबर शिक्षा ठेवली होती असे तिथे सांगतात.

दुसरी गोष्ट मला याहूनही मोलाची वाटते. सेनेगलच्या शेतांत ग्विएरा सेनेगालेन्सिस आणि पिलिओस्टिग्मा रेटिक्युलाटम ही दोन झुडपे सर्वत्र असतात. दुसऱ्याचे पान पाहिलेत तर आपल्याला थेट आपटाच आठवेल, ते त्याच गोतातले आहे. शेतकरी पेरणीआधी ही झुडपे कापून जाळतात. पण सेनेगलमध्येच झालेल्या प्रदीर्घ प्रयोगांत असे दिसले की त्यांची मुळे दिवसा खोलवरचे पाणी ओढतात आणि रात्री, पानांची वाफ थांबल्यावर, त्यातले थोडे पाणी वरच्या कोरड्या मातीत झिरपू देतात. पावसाने मध्येच ओढ दिली की शेजारच्या बाजरीला त्या ओलाव्याचा आधार होतो. झुडपे न जाळता त्यांचा पाला मातीवर ठेवला तर जमिनीचा कसही सुधारतो. म्हणून आपण जाल तिथे मोठ्या झाडांच्या खुंटांबरोबर ही झुडपेही मोजावीत.

मात्र सरसकट ‘झाड असले की दुष्काळात पीक वाचते’ असे मानू नका. दक्षिणेला घाना आणि कोत दिव्वार या देशांत जगातला निम्म्याहून अधिक कोको पिकतो, आणि तिथे सावलीची झाडे राखण्याचा आग्रह धरला जातो. तो बव्हंशी रास्तच आहे. पण २०१५-१६ च्या तीव्र कोरड्या हंगामात घानामधील कोको पट्ट्याच्या कोरड्या सीमेवरच्या काही बागांत असे आढळले की ठरावीक जातींच्या सावलीखालचा कोको उघड्यावरच्या कोकोपेक्षा जास्त मेला, कारण दोघांची मुळे एकाच थरातले पाणी ओढत होती. त्याच देशात रानातून उगवलेल्या इमारती लाकडाच्या झाडांचा हक्क बराच काळ सरकारकडे राहिला. लाकूडतोड्या कंपनी येऊन झाड पाडते आणि खालचा कोको मोडतो, म्हणून शेतकरी अशी रोपे लहानपणीच मारतात. गोरखचिंच ताईंनी मांडलेला मालकीचा मुद्दा तिथेही तसाच लागू पडतो.

---

कोरडवाहू :

आपणा तिघांचेही मनापासून आभार. खुंट मोजण्याची गोष्ट मी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे, आणि पशुपालकांचा विचार माझ्या डोक्यात अजिबात नव्हता, हे प्रांजळपणे सांगतो.

एक शंका उरते. जिथे जमीन पार उघडी पडून कडक झाली आहे, खुंटच उरलेले नाहीत, तिथे काय करायचे? आणि वरिष्ठांना रोपांचा आकडा हवा आहे, त्यांच्यापुढे हे कसे मांडावे?

---

उत्तर : माळावरचा

कडक पडलेल्या जमिनीसाठी बुर्किना फासोच्या यातेंगा भागाकडे पाहा. तिथे ‘झाई’ नावाची जुनी रीत आहे. कोरड्या दिवसांत कुदळीने वीतभर रुंद आणि अर्धी वीत खोल खड्डे घेतात, त्यांत शेणखत टाकतात आणि पहिल्या पावसाबरोबर त्याच खड्ड्यांत ज्वारी किंवा बाजरी टोकतात. खताच्या ओढीने वाळवी येते, तिच्या बिळांतून कडक थर फुटतो आणि पाणी मुरते. याकुबा सावादोगो या शेतकऱ्याने १९८० च्या सुमारास हे खड्डे मोठे केले, खताचे प्रमाण वाढवले, आणि मग त्यांच्या लक्षात आले की शेणातून आलेल्या बियांमुळे त्याच खड्ड्यांत झाडेही उगवत आहेत. ती त्यांनी राखली. शेजाऱ्यांनी त्यांना वेडे ठरवले, त्यांचे रान एकदा पेटवूनही दिले गेले, तरी ओसाड जागेवर वीस हेक्टरांहून मोठे रान उभे राहिले. २०१८ साली त्यांना आणि रिनाउडो यांना एकाच वर्षी राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. डिसेंबर २०२३ मध्ये सावादोगो गेले. उआहिगुया शहर वाढत जाऊन त्यांच्या रानाचा काही भाग भूखंडांत गेला, हे मला आजही लागते.

त्याच यातेंगात १९७९ पासून समपातळीवर दगडी बांध घालण्याचे काम झाले. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने शेतकरी स्वतः पातळी काढायला शिकले. आपल्या ताली आणि समपातळी चर यांचा अनुभव आपल्याला इथे सरळ उपयोगी पडेल, आणि आता तो अधिक लागेल. उपग्रहांच्या नोंदींनुसार साहेलमधील तीव्र वादळी पावसाच्या घटना १९८२ पासून सुमारे तिपटीने वाढल्या आहेत. एकूण पाऊस थोडा सावरला असला तरी तो धो धो कोसळतो आणि वाहून जातो, म्हणून बांध आधी आणि झाड त्यामागून.

वरिष्ठांच्या आकड्याविषयी एक सुचवतो. रोपांचे लक्ष्य पुसून टाका असे म्हणू नका, ते ऐकले जाणार नाही. रोपे घरामागच्या परसात लावा, जिथे भांडी धुतल्याचे पाणी पडते आणि शेळ्यांवर कोणाची तरी नजर असते. तिथे गोरखचिंच, आंबा, शेवगा लावल्यास जगतात, आणि त्यांचा पाला-फळे बायकांच्या हाती राहतात. शेतासाठी मात्र ‘तिसऱ्या पावसाळ्यानंतर हेक्टरी उभी असलेली झाडे’ हा आकडा आराखड्यात घालून घ्या, आणि जाण्यापूर्वीच घालून घ्या. एकदा पहिला हप्ता आला की त्या कागदात बदल होत नाही.

आपण मे महिन्यात पोहोचणार आहात, ही वेळ चांगली आहे. काद तेव्हा अजून हिरवा असेल, झुडपे कापण्याची लगबग नुकतीच सुरू होत असेल. पहिले दोन आठवडे कचेरीत न बसता कोणा म्हाताऱ्या शेतकऱ्याबरोबर त्याच्या शेतात फिरा आणि प्रत्येक खुंटापाशी त्याला विचारा, की हे कोणते झाड, याचे काय काय होते, आणि हे तोडायचे म्हटले तर कोणाला विचारावे लागते.

---

कोरडवाहू :

आराखड्यातला तो आकडा बदलण्यासाठी आजच पत्र लिहीत आहे. वोलोफ शिकवणारे कोणी पुण्यात किंवा मुंबईत असल्यास कृपया इथे कळवावे.